शस्त्र गेलें, हात राहिले

‘हा मनुष्य आपल्या कामांत मोठा पटाईत आहे,’ असें आपण नित्य म्हणतों. परंतु पटाईत म्हणजे मूळचा पट्टा चालविणारा, हें म्हणतांना फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वादविवादांत एखाद्यानें पवित्रा घेतला, प्रतिपक्षाला हूल दिली, त्याचा डाव त्याच्यावरच उलटविला, अशीं वाक्यें वर्तमानपत्रांत रोज छापलीं जातात. तीं सारीं तालमीच्या तांबड्या मातींतून उठून आलेलीं आहेत. घराघरांतून शस्त्रें नाहींशीं होऊन दीडशें वर्षें होत आलीं. त्यांची भाषा मात्र मराठी माणसाच्या तोंडीं राहिली, आणि त्यांचे ‘हात’ थोड्याबहुत तालमींतून व आखाड्यांतून राहिले. शस्त्र गेल्यावर मागें उरलेल्या या हातांचें पुढें काय झालें, याची हकीकत सांगावयाची तर ती चिंचवडपासून सुरू करणें सोयीचें आहे.

पिंपरी-चिंचवडच्या नव्या वसाहतींतून संध्याकाळीं फिरणाऱ्याला एक देखावा हटकून दिसतो. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेंत पंधरा-वीस मुलें-मुली पांढरे पोषाख घालून, कमरेला रंगीत पट्टे बांधून रांगेनें उभीं असतात. शिक्षक ‘हाना, दुल, सेत’ असे कोरियन भाषेंतील आंकडे मोजतो, आणि सारीं मुलें एका पावलानें पुढें होऊन, समोर कोणीहि नसतांना, कोणाचा तरी वार अडवितात व कोणाला तरी ठोसा मारतात. मग गर्रकन् वळून पाठीमागच्या अदृश्य शत्रूचा समाचार घेतात. बांकावर बसलेल्या आजोबांना हा प्रकार गंमतीचा वाटतो. हवेशीं झुंजून कोणी पैलवान झाल्याचें त्यांच्या ऐकिवांत नसतें.

या ठराविक क्रमाला कोरियांत ह्योंग, पुम्से किंवा तुल म्हणतात; जपानांत त्यालाच काता असें नांव आहे. पहिलें पाऊल कोणतें, वळावयाचें कोणीकडे, अडविणारा हात कोणता व मारणारा कोणता, हें सर्व आधींच ठरलेलें असतें. शिकणाऱ्यानें त्यांत आपल्या पदरचें कांहीं घालावयाचें नसतें. जुन्या मराठी वस्तादाला ही कल्पना समजावून सांगावी लागली नसती. तो यालाच ‘हात’ म्हणे. पट्ट्याचे हात, लाठीचे हात, बोथाटीचे हात. शिष्य महिनेच्या महिने तेच ते हात करीत राही आणि वस्ताद त्याच्या पावलांकडे पाहत राही.

वर्गांत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांची पुष्कळदां अशी समजूत असते कीं, हे क्रम कोरियांत दोन हजार वर्षें अखंड चालत आलेले आहेत. इतिहास पाहिला तर हकीकत निराळी आहे. कोरियाचा स्वतःचा जुना शस्त्राभ्यास होता, यांत शंका नाहीं. १५९२ सालीं जपान्यांनीं तेथें स्वारी केली. त्या युद्धांत देशाची जी दुर्दशा झाली, तिच्यामुळें शहाण्या झालेल्या दरबारानें सैन्याच्या शिक्षणाचे ग्रंथ तयार करविले. त्यांतला शेवटचा व सर्वांत मोठा ग्रंथ ‘मुये दोबो थोंगजी’ हा राजा जोंगजो याच्या आज्ञेनें १७९० सालीं सिद्ध झाला. म्हणजे पुण्यास सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती तेव्हां. त्यांत चोवीस प्रकार वर्णिले आहेत. भाला आहे, तरवार आहे, दोन हातीं दोन तरवारी आहेत, काठी आहे, घोड्यावरच्या कसरती आहेत, आणि निःशस्त्र मुष्टियुद्धहि आहे. प्रत्येक पवित्र्याचें चित्र, त्याचें वर्णन, आणि सबंध क्रम एकत्र दाखविणारा आराखडा, अशी त्याची रचना आहे. इतकी काळजी घेऊनहि व्हावयाचें तें झालेंच. १९०७ सालीं जपाननें कोरियाची फौज मोडली, १९१० सालीं देश खालसा केला, आणि ज्यांच्यासाठीं तो ग्रंथ लिहिला ते शिपाईच उरले नाहींत.

पुढें तोक्योस शिकावयास गेलेल्या कोरियन विद्यार्थ्यांनीं तेथें जी विद्या उचलली तिचें नांव कराटे. गंमत अशी कीं, ही विद्याहि मूळची जपानची नव्हे. ती ओकिनावा बेटावरची. तें बेट पूर्वीं एका लहानशा स्वतंत्र राज्याचें मुख्य ठिकाण होतें आणि १८७९ सालीं जपाननें तें राज्य गिळंकृत केलें होतें. तेथील इतोसु आन्को या शिक्षकानें विसाव्या शतकाच्या आरंभीं शाळेंतील मुलांना झेपतील असे पांच क्रम बसविले व त्यांना ‘पिनान’ हें नांव दिलें. फुनाकोशी गिचिन यांनीं १९२२ सालीं ती विद्या तोक्योस नेली. तेथें पुढें त्याच क्रमांना ‘हेइआन’ म्हणूं लागले. फुनाकोशींपाशीं शिकलेले ली वोन-कुक यांनीं १९४४ मध्यें सोल येथें ‘चोंग दो क्वान’ नांवाची शाळा काढली, १९४५ मध्यें देश मोकळा झाल्यावर तशा आणखीहि शाळा निघाल्या, आणि तेच पांच क्रम तेथें ‘प्योंगआन’ झाले. पिनान, हेइआन, प्योंगआन हे तिन्ही शब्द म्हणजे त्याच दोन चिनी अक्षरांचे तीन ठिकाणचे उच्चार होत. अर्थ एकच, शांति. या शाळांतील विद्येलाच बाहेरचे लोक ‘कोरियन कराटे’ म्हणूं लागले.

ज्यांनीं आपला देश जिंकला त्यांच्याकडून घेतलेली विद्या, तिचें नांवहि त्यांचेंच, ही गोष्ट स्वाभिमानी कोरियन माणसाला बोंचल्यावांचून कशी राहील? १९५५ सालीं ‘तायक्वांदो’ हें नवें नांव निघालें. सेनापति चोई होंग-ही व त्यांचे सहकारी यांनीं नवे क्रम रचले आणि त्यांना आपल्या इतिहासांतील थोर पुरुषांचीं नांवें दिलीं. जपानी आरमार बुडविणारा सेनापति यी सुन-सिन, तत्त्ववेत्ता तोएग्ये, देशभक्त आन चांग-हो, असे एकामागून एक त्यांत आले. दुसऱ्या शाखेनें १९७० च्या सुमारास ‘तेगुक’ नांवाचे आठ क्रम रचले व तेच आतां जगभर अधिक चालतात. तेव्हां बांकावर बसलेले आजोबा ज्या क्रमांकडे पाहून हंसतात, ते क्रम वयानें त्यांच्याहून लहान असण्याचाच संभव फार.

आतां हा न्याय आपल्याला लावून पाहणें जड जातें. पण तो लावला पाहिजे.

चाकणच्या कारखान्यांचा गजबजाट मागें टाकून गांवांत शिरलें म्हणजे संग्रामदुर्गाची पडकी तटबंदी दिसते. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें हा भुईकोट शाइस्ताखानाच्या अफाट फौजेपुढें जवळजवळ दोन महिने लढविला. शेवटीं सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हां तो पडला. अशा लढ्यांत बुरुजाला खिंडार पडल्यावर काम हातघाईचें असतें, आणि हातघाईंत पट्ट्याची कीर्ति मोठी होती. त्याच्या आदल्याच वर्षीं प्रतापगडाखालीं सय्यद बंडा पट्टा चालवीत महाराजांवर धांवला व जिवा महालानें त्याचा हात हत्यारासकट तोडला, हें वर्णन सभासदाच्या बखरींत आहे.

हें हत्यार तरवारीसारखें नाहीं. तरवार मुठींत असते. पट्ट्यांत मूठच कोपरापर्यंत जाणाऱ्या लोखंडी खोबळ्याच्या आंत असते. त्या खोबळ्यानें हाताचें रक्षण होतें, परंतु मनगट अडकून पडतें. तरवारबहाद्दराची निम्मी करामत मनगटांत; ती पटाइताला मिळत नाहीं. त्यानें खांद्यानें आणि कमरेच्या वळणानें वार करावयाचा. पातें लांब, सरळ, लवचिक व दुधारी. असा हात एकदां फिरूं लागला कीं तो मध्येंच थांबवितां येत नाहीं, थांबविला तर अंग उघडें पडतें. म्हणून एका घावाचा शेवट हा दुसऱ्या घावाचा आरंभ करावा लागतो, आणि पाऊल त्याच्याबरोबर चक्राकार पडावें लागतें. पट्ट्याचे हात गोलाकार कां, याचें उत्तर शोभेंत नसून खोबळ्यांत आहे. नवशिक्याच्या हातीं असें पातें दिलें तर तो आधीं आपलाच पाय कापून घेईल. एकट्यानें, माणसांपासून दूर उभें राहून, तेच हात पुन्हां पुन्हां करण्याची रीत अशा गरजेंतून आली. हवेशीं झुंजण्याचें कारण हें असें साधें आहे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि या विद्येचा पोशिंदा गेला. तरी ती लगेच मेली नाहीं. पुण्याच्या गंजपेठेंत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं लहुजींपाशीं दांडपट्टा व नेमबाजी शिकून घेतली. वासुदेव बळवंत फडके हेहि त्यांच्याच तालमींतले. फडक्यांचें बंड १८७९ मधलें. त्याच्या आदल्या वर्षीं, लिटनसाहेबाच्या कारकीर्दींत, १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला, आणि हा निर्बंध युरोपियनांना मात्र नव्हता. शिकविणाऱ्याला घरांतला पट्टा परवान्याशिवाय बाहेर काढतां येईना.

काठीला परवाना लागत नव्हता. जे हात पूर्वीं पात्यानें करावयाचे ते लाठीनें करूं लागले. लेझीम तर याहून बोलकें उदाहरण आहे. आज शाळेच्या संमेलनांत जें वाजवीत मुलें नाचतात, तें मूळ धनुष्यच. दोरीच्या जागीं लोखंडी सांखळी लावून तिरंदाजाचे दंड बळकट करण्यासाठीं तें ओढावयाचें असे. धनुष्य गेलें, तिरंदाज गेला, आणि सांखळीचा नाद राहिला.

या सर्वांत फरी-गदग्याचें महत्त्व निराळें आहे व त्याची आठवण कमी ठेवली जाते. गदगा म्हणजे कातडें चढविलेली काठी आणि फरी म्हणजे लहानशी ढाल. हा खेळ जोडीनें खेळावयाचा. माथ्यावरचा घाव तो शिर, गालाच्या बाजूचा तो तमाचा, त्याच्या उलट बाजूचा तो बाहेरा. समोरच्यानें तो फरीवर घेतला नाहीं तर त्याचें फळ त्याला तत्काळ कळे. एकट्यानें केलेले हात बरोबर होते कीं नुसते सुंदर होते, याचा निकाल येथें लागे. वस्तादाच्या शिकवणुकींत एकट्याचे हात आणि जोडीचा खेळ हे दोन्ही असत. पहिल्यानें अंग वळे आणि दुसऱ्यानें डोळा तयार होई.

विसाव्या शतकांत हे हात तालमींतून निघून संस्थांकडे आले. बडोद्यास माणिकराव यांनीं आपल्या गुरूच्या नांवानें जुम्मादादा व्यायाम मंदिर चालविलें. मुसलमान वस्ताद आणि हिंदु शिष्य ही जोडी त्या काळीं कोणाला विशेष वाटण्यासारखी नव्हती. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, पुण्यास १९२४ मध्यें कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं महाराष्ट्रीय मंडळ काढलें. अमरावतीचा संघ १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ दाखवून आला. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांत प्रसिद्ध केला. कोरियाच्या राजानें जें काम १७९० मध्यें करविलें, तसलें काम आपल्याकडे एका खासगी गृहस्थानें, दीडशें वर्षांनीं, वर्गणीदारांच्या जिवावर केलें. उशीर झाला खरा, पण झालें तें थोडें नाहीं.

या संस्थांचे उपकार मोठे आहेत. त्या नसत्या तर पुष्कळ हात वस्तादांबरोबर सरणावर गेले असते. तथापि एक नुकसान त्यांच्याच पद्धतीनें झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. शेंकडों मुलांना एका मैदानावर, एका आज्ञेसरशीं, तालावर हात करावयास लावणें हें त्या काळच्या राष्ट्रीय भावनेला फार पटलें. देखावा भव्य होई. परंतु शंभर जणांनीं एकाच ठेक्यांत करावयाचा हात चौकोनी होतो. त्यांतली पुढें-मागें होणारी गति, दचकविणारी हूल, अर्धवट टाकलेलें फसवें पाऊल हीं निघून जातात. जोडीच्या खेळांत लागण्याची भीति, म्हणून तो मागें पडला. मग उरले तें प्रदर्शन. आज मिरवणुकींत तळहातावरचें लिंबू पट्ट्यानें दुभंगतात, पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. त्यानें हात साधतो हें खरें. पण लिंबू उलटून वार करीत नाहीं.

कोल्हापूरच्या तालमींनीं ‘मर्दानी खेळ’ या नांवाखालीं पट्टा, फरी-गदगा, बोथाटी आणि दोरीनें मनगटाला बांधलेला विटा हीं सारीं अंगें त्यांतल्या त्यांत जास्त जपलीं. तेथील कीर्ति ऐकून आतां पिंपरी, भोसरी, चाकण या बाजूलाहि शिवजयंतीच्या सुमारास आखाडे जमतात. २०२४ सालीं शिवजयंतीला महाराष्ट्र शासनानें दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलें, तेव्हांपासून उत्साह अधिकच वाढला आहे. मात्र जाहिरातींत सरसकट ‘शिवकालीन’ हा शब्द असतो, आणि तेथें कोरियन शिक्षकाचे दोन हजार वर्षांचे आंकडे आठवल्याशिवाय राहत नाहींत. घाव जुने आहेत, त्यांचीं नांवें जुनीं आहेत, शस्त्र तर निःसंशय जुनें आहे. त्यांची आज जी मांडणी दिसते तींत विसाव्या शतकाच्या कवाइतीचा वांटा मोठा आहे. असें म्हटल्यानें कोणाचा अपमान होतो असें मानण्याचें कारण नाहीं. शस्त्रें हिरावून घेतलेल्या लोकांनीं मिळेल त्या वस्तूनें, काठीनें, सांखळीनें, प्रसंगीं परक्याच्या पद्धतीनेंहि, आपले हात चालू ठेवले, ही गोष्ट ‘शिवकालीन’ शब्दापेक्षां अधिक कठीण होती.

ती किती कठीण होती हें चिंचवडला ठाऊक असावयास पाहिजे. मोरया गोसावींचें हें गांव. कीर्तनकार हरि विनायक चापेकर यांचें घर येथलेंच. त्यांचे वडील चिरंजीव दामोदर १८६९ मध्यें येथें जन्मले. हत्यारांचा कायदा झाला तेव्हां ते आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांना फौजेंत शिरावयाचें होतें, तें साधलें नाहीं. मग त्यांनीं व त्यांचे बंधु बाळकृष्ण यांनीं पुण्यास तरुण पोरें जमवून शारीरिक व लष्करी शिक्षणाची एक संस्था काढली. तिची नोंद सरकारच्या रौलट समितीनें १९१८ च्या अहवालांत अगदीं आरंभींच घेतलेली आहे. ज्या राष्ट्राला शस्त्र बाळगण्याची बंदी, त्यांतलीं हीं मुलें शत्रु समोर नसतांना कवाईत करीत होतीं. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदरपंत येरवड्यास फांशीं गेले. पुढल्या वर्षीं मे महिन्यांत वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण हे पांच दिवसांच्या आंत त्यांच्या मागून गेले.

त्यानंतर दहा वर्षांनीं, २६ ऑक्टोबर १९०९ रोजीं, मांचुरियांतील हार्बिनच्या रेल्वे स्टेशनवर आन जुंग-गुन या कोरियन तरुणानें जपानचा मुत्सद्दी इतो हिरोबुमी याला गोळी घातली. कोरियाचें स्वातंत्र्य गिळणाऱ्या कारभाराचा इतो हा पहिला मुख्य अधिकारी. आन याला २६ मार्च १९१० रोजीं फांशीं दिलें. चोई होंग-ही यांनीं रचलेल्या क्रमांपैकीं एकाला त्याचें नांव आहे, आणि त्या क्रमांत बरोबर बत्तीस हालचाली आहेत. कारण कोरियन गणनेप्रमाणें मरणसमयीं त्याला बत्तिसावें वर्ष होतें. त्या शाखेचा विद्यार्थी जगाच्या पाठीवर कोठेंहि असो, वरच्या पायरीवर चढावयाचें तर त्याला हे बत्तीस आंकडे अंगानें मोजावे लागतात. तोच विद्यार्थी ‘जुंग-गुन कोण?’ या प्रश्नाचें उत्तरहि पाठ करतो.

मराठी तालमीची रीत अशी नाहीं. तिचे हात घावांच्या आणि शस्त्रांच्या नांवांनीं ओळखले जातात, माणसांच्या नव्हे. चिंचवडांत चापेकरांच्या नांवाचा चौक आहे, पुतळा आहे, वाडा स्मारक म्हणून राखलेला आहे. शिवजयंतीला लाठी फिरवीत पोरें रस्त्यानें जातात, तेव्हां त्यांत संध्याकाळच्या वर्गांतलींहि कांहीं असतात. वळतांना एखाद्याचें पाऊल नकळत कोरियन पद्धतीनें सरळ पडतें, आणि बरोबर चालणारा वस्ताद ताशाच्या आवाजांतहि तें ओळखून त्याच्या घोट्याला काठीचें टोंक लावतो.